चार कॉइल आणि एक लाल दिवा

"हा लाल दिवा कायमचा बंद करता येईल का, मिस्त्री?"

कासीम मिस्त्रींनी मान वर केली नाही. पुढ्यात लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर कागदी नळी, आणि नळीवर ते तांब्याची बारीक तार गुंडाळत होते. ओठ नुसतेच हलत होते.

अभिनंदन चौगुले दारातच उभा राहिला. थांबायची त्याला सवय नव्हती. बँकेतल्या रांगेतसुद्धा तो तीनदा पुढे डोकावून यायचा.

"मिस्त्री, मी काय विचारतोय..."

"एकशे चौदा," मिस्त्री म्हणाले आणि पुढचा वेढा घातला.

अभिनंदन आत आला. बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून एका उलट्या बादलीवर बसला.

जयसिंगपुरात टायरच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. तिथे हा माणूस चाळीस वर्षं जळलेल्या स्पीकरच्या कॉइल नव्याने गुंडाळून देत होता. आधी जत्रेतले कर्णे, मग ऑर्केस्ट्राचे बॉक्स, आता गाड्यांतले धमधम वाजणारे सबवूफर. शिकवा म्हणून बरेचजण येऊन गेले. मिस्त्रींनी प्रत्येकाला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

अभिनंदन शिकायला आला नव्हता. त्याला सगळं येत होतं. असं तो स्वतःच सांगायचा, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ येत नसे.

खोटं कशाला बोला, हात चांगला होता त्याचा. थोरल्या भावाचं सिमेंट-सळईचं दुकान सोडून वर्षभर तो गाड्यांत साउंड बसवत होता. वायर अशी नेटकी ओढायचा की बघत राहावं. पण या भागातले शौकीन दोन-तीन महिन्यांनी मैदानात गाड्या उभ्या करून कुणाचा आवाज भारी ते बघतात, आणि तिथे अभिनंदनच्या गाडीनं दोनदा मान टाकली होती. दोन्ही वेळा डिकीतून धूर निघाला. दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या त्याला अजून झोंबत होत्या.

हा तिसरा ॲम्प्लिफायर. याला एक लाल दिवा होता. ॲम्प फार तापला की दिवा लागायचा आणि आवाज आपोआप बंद व्हायचा.

येत्या रविवारी पुन्हा मैदान होतं. शीतलदादा, म्हणजे थोरला भाऊ, जेवता जेवता म्हणाला होता, "रविवारी गाडी बंद पडली, तर सोमवारी सकाळी नऊला दुकानात बसायचं. कायमचं." अभिनंदननं तिथल्या तिथे "हो" म्हटलं. 

"एकशे वीस." मिस्त्रींनी तार तोडली, टोकाला गाठ मारली आणि चष्मा कपाळावर चढवला. "आता बोल. कुठला दिवा?"

"ॲम्पचा. चार-पाच मिनिटं झाली की लागतो. मला तो नको आहे."

"दिवा काय म्हंतो?"

"दिवा काय म्हणणार? लागतो आणि आवाज बंद."

"आणि तू काय म्हंतोस?"

"मी म्हणतो, वाज की लेका!"

मिस्त्री उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

गाडी दारातच उभी होती. अभिनंदननं डिकी उघडली. आत बारा इंची दोन सबवूफर, शेजारी ॲम्प. मिस्त्रींनी वाकून वायरी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"हात चांगला हाय," ते म्हणाले.

अभिनंदनची छाती फुगली.

"जोडणी कशी केलीस?"

"चारही कॉइल पॅरलल." एकेका सबवूफरात दोन कॉइल होत्या, प्रत्येकीचा रोध चार ओहम. चारही शेजारी शेजारी जोडल्या की सगळ्या मिळून एकच ओहम. "एक ओहम," अभिनंदन म्हणाला. पैलवानानं वजन सांगावं तसं सांगितलं.

"ॲम्पच्या पाठीवर काय छापलंय?"

अभिनंदन डिकीच्या झाकणाकडे बघू लागला.

"छापलंय न्हवं काय तरी?"

"दोनच्या खाली नको, असं छापलंय. पण मिस्त्री, कंपनीवाले घाबरट असतात. ओहम कमी केला की ॲम्प जास्त वीज ओढतो, जास्त वाजतो..."

"आणि?"

"आणि काय?"

"जास्त वाजतो. आणि?"

"...तापतो थोडा."

ओहम जितका कमी तितका ॲम्प जास्त ओढतो, जास्त वाजतो आणि जास्त तापतो. यातलं पहिलं आणि दुसरं अभिनंदनला तोंडपाठ होतं. तिसरं त्यानं ऑप्शनला टाकलं होतं.

"आमच्या शेडची एक रीत हाय," मिस्त्री म्हणाले. "ज्यानं जोडणी केली, त्यानं ॲम्पवर हात ठेवून बसायचं. वाजंल तंवर. माझ्यासंगं बोलायचं ते त्याच्यानंतर."

"एवढंच?"

"एवढंच."

अभिनंदननं इंजिन चालू केलं, गाणं लावलं, आवाज चढवला आणि ॲम्पवर तळवा टेकवला. मिस्त्रींनीही शेजारी आपला तळवा टेकवला. दोघे डिकीच्या कडेवर शेजारी शेजारी बसले. वरचा पत्रा थरथरू लागला. टायरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघून गेला.

एक मिनिट. ॲम्प कोमट.

दोन मिनिटं. गरम.

तिसऱ्या मिनिटाला अभिनंदननं ओठ आवळले. शेजारी म्हातारा निवांत बसला होता. याच्या आधी हात काढायचा नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

थोड्याच वेळात मिस्त्रींनी हात काढला आणि सावकाश मांडीवर ठेवला.

अभिनंदनला हसू फुटलं. जिंकलो! त्यानं तळवा आणखी दाबला. डोळ्यांत पाणी आलं, तरी दाबला.

लाल दिवा लागला. आवाज बंद. सगळी गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

"मी हात काढला," मिस्त्री म्हणाले. "मग ॲम्पनं काढला."

"आणि मी नाही काढला," अभिनंदन म्हणाला.

"व्हय. तू न्हाई काढलास."

...

अभिनंदननं तळवा पाहिला. लालबुंद झाला होता. मिस्त्रींनी माठातलं पाणी तांब्यात आणलं आणि त्याच्या हातावर ओतलं.  त्याला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"हे बघा मिस्त्री, मी शब्द दिलाय. रविवारी गाडी बंद पडली तर हे काम सोडून सोमवारी नऊला मला भावाच्या दुकानात बसावं लागेल. सिमेंटच्या पोत्यांत मी जगणार नाही. मरेनही एक वेळ, पण बसणार नाही तिथं. तुम्ही दिव्याची वायर कापत नसाल तर मी कापतो."

"मी कुठं न्हाई म्हटलं?"

मिस्त्री आत गेले. पेचकस आणि कटर घेऊन आले. चार स्क्रू काढून ॲम्पचं झाकण उचललं आणि आतल्या एका बारीक पांढऱ्या वायरीवर बोट ठेवलं.

"ही उष्णता मोजणारी. ही काप."

कटर त्यांनी अभिनंदनच्या हातात दिला. मूठ त्याच्याकडे करून दिला, नीट.

अभिनंदन वाकला. वायर कटरच्या तोंडात धरली. दाबायचं एवढंच राहिलं होतं.

"कापली की काय होईल?" त्यानं विचारलं. विचारायची खरं तर गरज नव्हती.

"दिवा लागनार न्हाई."

"मग?"

"मग ॲम्प कवाच न्हाई म्हननार न्हाई."

"मग चांगलंच आहे की."

मिस्त्री त्याच्या उजव्या अंगाला आले. आपल्या डाव्या कानाच्या पाळीला त्यांनी दोन बोटं लावली. "ह्यो कान बघ. कर्ण्यांच्या जमान्यात जत्रेला रात-रातभर कर्ण्यापुढं बसायचो. दुसरी पोरं उठून लांब जायची. माझा ह्यो कान लई गुणी. यानं कवा न्हाई म्हटलंच न्हाई."

"मग?"

"आता काईच म्हनत न्हाई."

...

वायर कटरच्या तोंडातच होती. अभिनंदनला मागच्या ॲम्पचा वास आठवला. जळकट, गोडसर, चार दिवस गाडीतून न गेलेला. त्या दिवशी सगळे हसले होते, आणि तो घरी येताना सगळ्या रस्ताभर ॲम्पलाच शिव्या देत आला होता. बिचाऱ्याकडे दिवासुद्धा नव्हता.

त्यानं कटर खाली ठेवला.

"नाही कापत," तो म्हणाला. "पण मी हरायला पण आलो नाही, मिस्त्री. मी इथून हलणार नाही. जोडणी कशी करू ते सांगा."

"तुला सगळं येतं असं ऐकलंय."

"कुणी सांगितलं?"

"तूच. मागल्या म्हयन्यात, टायरवाल्याच्या दुकानात. पत्र्यातनं समदं ऐकू येतं."

अभिनंदनचे कान तापले. ॲम्पपेक्षा जास्त तापले असतील. पण तो उठला नाही. डिकीशी मांडी घालून बसला आणि बोटानं धुळीत चार वेटोळी काढली.

"एका सबवूफरच्या दोन कॉइल एकीमागे एक. चार आणि चार आठ," तो स्वतःशीच म्हणाला. "दुसऱ्याच्याही तशाच. आठ. मग हे दोन आठ शेजारी शेजारी..."

"किती?"

"चार ओहम."

"ॲम्पला चालंल?"

"चालेल. मजेत चालेल. पण ताकद निम्मीच देईल." घरात कुणी आजारी असल्यासारखा त्याचा आवाज पडला. "निम्म्या ताकदीवर मैदानात जाऊ?"

"मग एक सबवूफर काढून टाक. राहिलेल्याच्या दोन कॉइल शेजारी शेजारी जोड. किती?"

"दोन ओहम." अभिनंदनचे डोळे चमकले. "बरोब्बर दोन! ॲम्प पूर्ण ताकद देईल. पण मिस्त्री, एकच सबवूफर..."

"तिकडं तोंड करून उभा ऱ्हा."

"कुठं?"

"भिंतीकडं."

अभिनंदन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शाळेत असताना तो बऱ्याचदा असा उभा राहिला होता, पण तेव्हा निदान सोबत कुणी असायचं. मागे मिस्त्रींची खुडबुड चालू होती. मग गाणं लागलं. पोटात ठोके बसू लागले.

गाणं थांबलं. पुन्हा खुडबुड, पाच-सात मिनिटं. पुन्हा तेच गाणं, तेच ठोके.

"एकदा एक सबवूफर पूर्ण ताकदीनं. एकदा दोन निम्म्या ताकदीनं," मिस्त्री म्हणाले. "पूर्ण ताकद कवा हुती?"

"दुसऱ्यांदा," अभिनंदन म्हणाला. क्षणाचाही विचार केला नाही. "कसला भरदार होता!"

"ते निम्म्याचं."

अभिनंदन गर्रकन वळला. डिकीत दोन्ही सबवूफर जोडलेले होते, चार ओहमवर. त्यानं वायरी बघितल्या, एकेक जोड बोटानं चाचपून बघितला. म्हातारा खोटं बोलत नव्हता.

"पुन्हा," तो म्हणाला.

"पुन्यांदा?"

"हो, पुन्हा. मी लक्ष नव्हतं दिलं." आणि आपण होऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मिस्त्रींनी पुन्हा केलं. या खेपेला अभिनंदननं डोळे मिटले, श्वास धरला, भिंतीला तळवे लावले. उत्तर दिलं. बरोबर आलं. तिसऱ्यांदा करायला लावलं. चुकलं. चौथ्यांदा मिस्त्रींनी गाणं बंद केलं, तेव्हा त्यानं कपाळ भिंतीला टेकवलं.

"मला कळत नाही," शेवटी तो भिंतीलाच म्हणाला. "खरंच कळत नाही, मिस्त्री. दोन सबवूफर मिळून निम्म्यातसुद्धा तेवढंच वाजतात."

मिस्त्रींनी चहा सांगायला म्हणून टायरवाल्याला हाक मारली.

चहा आला. अभिनंदननं बशीत ओतला आणि तसाच ठेवला. ज्या आवाजासाठी दोन ॲम्प जाळले, जळक्या धुरात उभा राहून लोकांच्या टाळ्या ऐकल्या, भावाचं दुकान सोडलं, तो आवाज भिंतीकडे तोंड करून उभं राहिल्यावर त्याला ओळखूसुद्धा आला नव्हता. त्याला रडू येईल असं वाटलं. रडला नाही. चहावर साय धरली, ती त्यानं बोटानं बाजूला केली.

तेवढ्यात मिस्त्रींनी जाऊन डिकीतल्या सगळ्या जोडण्या सोडून टाकल्या. एकूण एक.

"हे काय केलंत?"

"तुझी गाडी. तुझी तू जोड."

अभिनंदननं शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहिल्या सबवूफरच्या एका कॉइलचं उणं टोक दुसरीच्या अधिक टोकाला जोडलं. दुसऱ्याचंही तसंच. मग दोन्हींची अधिक टोकं एकत्र, उणी टोकं एकत्र. प्रत्येक जोड ओढून पाहिला. नेहमी एकदा ओढायचा, आज दोनदा ओढला. लाल झालेला तळवा चुरचुरत होता, म्हणून डाव्या हातानं पेचकस फिरवला.

ओहम मोजायचा मीटर लावला आणि त्याचा चेहरा पडला. "साडेतीनच दाखवतोय. चार नाही आला. कुठं चुकलं?"

"चुकलं न्हाई. नुसती तार मीटरला थोडं कमीच सांगती. वाजाया लागल्यावर पुरं करती."

मग रीतीप्रमाणे दोघे डिकीच्या कडेवर बसले. गाणं लागलं. अभिनंदननं ॲम्पचं झाकण नुसतंच वर टेकवलं आणि त्यावर हात ठेवला, या वेळी हळूच. शेजारी मिस्त्रींनीही ठेवला.

पाच मिनिटं. दहा. वीस. गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ॲम्प कोमट होता, उन्हात ठेवलेल्या तांब्यासारखा. दिव्याची जागा काळी ती काळीच. अभिनंदनचा हात तिथेच होता. त्याला आता तो काढावासा वाटत नव्हता आणि दाबावासाही वाटत नव्हता. चाळीस मिनिटांनी मिस्त्रींनी आपला हात काढला, तो कंटाळा आला म्हणून.

"झाकण लाव," ते म्हणाले आणि आत जाऊन पुन्हा ठोकळ्यापुढे बसले.

अभिनंदननं झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, डिकी बंद केली. गाडीत बसला, किल्लीला हात लावला आणि परत उतरला. दारात येऊन उभा राहिला. आता त्याला थांबता येत होतं. मिस्त्रींच्या ओठांवर अठ्ठावन्न येईपर्यंत तो थांबला.

"मिस्त्री, रविवारी माझा पहिला नंबर येणार नाही."

"न्हाई यायचा. तुझ्यापेक्षा मोठाली यंत्रं येत्यात तिथं."

"तरी मी असाच जाणार. जोडणी बदलणार नाही. कुणी काहीही म्हणू दे."

"बरं."

"दिवसभर वाजवणार."

"वाजीव."

...

अभिनंदन जायला वळला.

"सोमवारी ये," मिस्त्री मागून म्हणाले.

त्याचे पाय जागीच थांबले. या शेडमध्ये कुणालाच परत बोलावलं जात नाही, हे सगळ्या जयसिंगपूरला ठाऊक होतं.

"कशाला, मिस्त्री?"

"तार गुंडाळायला. दुसरं काय हाय इथं?"

  जे सकाळपासून पोटात होतं तेच अभिनंदनच्या तोंडून निघालं.

"आणि रविवारी गाडी बंद पडली तर? सोमवारी नऊला दुकान आहे."

मिस्त्रींनी पुढचा वेढा घातला.

"तर जरा लवकर ये."